देवाची वकिली करताना मेलेल्यांना आरोपी करू नका
(महाराष्ट्रातील कीर्तनकार-प्रवचनकार महाराज मंडळींस खुले पत्र)

समस्त ह.भ.प. महाराज मंडळींच्या चरणी,

राम कृष्ण हरी.

मी माळकरी घरात जन्मले, माळ घातली आणि लातूर जिल्ह्यातल्या शाळांत शिकवून निवृत्त झाले. सप्ताहाच्या मांडवात मी लहानाची मोठी झाले. तुमच्यापैकी अनेकांची कीर्तने पुढे बसून ऐकली आहेत आणि आजही ऐकते. म्हणून हे पत्र घरातल्या माणसाने घरातल्यांना लिहिले आहे, असे समजून वाचावे. माझी मागणी एकच आहे. कुणाच्या घरी अकाली मृत्यू झाला, अपघात झाला, असाध्य आजार आला की नारदाच्या गादीवरून तुम्ही त्या दुःखाचे जे कारण सांगता, ते सांगणे थांबवा.

गेल्या वर्षी ओळखीच्या एका घरी प्रथम पुण्यस्मरणाचे कीर्तन होते. त्या घरचा शाळकरी मुलगा शेततळ्यात बुडून गेला होता. शेततळे कसे असते ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. चारही बाजू उतरत्या, त्यावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद, आणि पाण्याजवळ त्या कागदावर धरलेले शेवाळ. पाय घसरून आत गेलेले लेकरू, पोहता येत असले तरी, त्या कागदावरून वर चढू शकत नाही. त्या तळ्याला कुंपण नव्हते. काठाला बांधून आत सोडलेला दोरही नव्हता.

महाराज चांगले गायले. टाळकऱ्यांनी साथही छान दिली. मग निरूपणात ते म्हणाले की, ऋणानुबंध संपला. मागच्या जन्मीचे देणे वसूल करायला तो जीव या घरी आला होता, वसूल झाले, गेला. आईबापांनी पूर्वी कुणाचे तरी लेकरू तोडले असेल, त्याशिवाय हे भोग येत नाहीत. मांडवातली माणसे माना डोलवत होती. आई बायकांच्या बाजूला बसली होती. चार दिवसांनी ती माझ्याकडे आली आणि तिने विचारले, "बाई, मी मागच्या जन्मी काय केलं असंल?"

ती वर्षभर रडत होतीच. पण हा प्रश्न तिच्या मनात नव्हता. तो तिला तुमच्यातल्या एकाने दिला. मुलगा गेल्याचे दुःख तिच्याकडे आधीच होते, आता ती त्याची गुन्हेगारही झाली. साक्षीपुरावा नाही, गुन्हा कोणता ते माहीत नाही, कुठल्या जन्मातला ते माहीत नाही, आणि शिक्षा मात्र ठरलेली. आपल्या कुठल्याही न्यायालयात असा निकाल उभा राहिला नसता. तो देवाच्या नावाने दिला गेला आणि कुणी हूं की चूं केले नाही.

असे का घडते, यावर मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, तुम्हाला त्या आईला दुखवायचे नसते. तुम्हाला देवाला वाचवायचे असते. लेकरू गेले की मांडवातल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो: दयाघन म्हणतो त्या पांडुरंगाने हे कसे होऊ दिले? त्याच्यापर्यंत हा प्रश्न पोहोचू नये म्हणून तुम्ही वाटेत पूर्वजन्म आणून उभा करता. देव सुटतो. आई सापडते.

हा प्रश्न काही आजचा नाही, आणि आपल्या आचार्यांनी तो टाळलाही नाही. ब्रह्मसूत्रांत दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्' असे सूत्र आहे. एकाला सुखात आणि एकाला दुःखात जन्माला घालणारा ईश्वर पक्षपाती ठरत नाही का, निर्दय ठरत नाही का, हा आरोप तिथे सरळ घेतला आहे. उत्तर असे की, ईश्वर जिवांच्या कर्माकडे पाहून फळ देतो, मनाला येईल तसे देत नाही. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळ्या शेतावर सारखाच पडतो, पण भात भात होऊन उगवतो आणि जव जव होऊन, कारण बी वेगळे. मग पुढचा आक्षेप येतो. सृष्टीच्या आरंभी कुणाचेच कर्म नव्हते, तेव्हा पहिला भेद कशाने झाला? त्यावर उत्तर मिळते की संसार अनादि आहे, आरंभ असा नव्हताच.

मला या आचार्यांविषयी खरा आदर आहे. देवावर इतका थेट आरोप सूत्रात मांडायला धैर्य लागते. पण उत्तर मात्र मला पुरत नाही, आणि ते का पुरत नाही हे मी नम्रपणे सांगते. आजच्या दुःखाचे कारण मागचा जन्म, मागच्याचे त्यामागचा, असे अनादि काळापर्यंत मागे सरकत गेले तर प्रश्न सुटला असे होत नाही, तो फक्त दृष्टीआड जातो. दुसरे म्हणजे, तुम्हीच दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनात सांगता की एकदा नाम घेतले की पापाच्या राशी जळतात, अजामेळ तरला, गणिका तरली. म्हणजे कर्माचा हिशोब पुसणे देवाच्या हातात आहे. तसे असेल तर त्या लेकरापुरता त्याने तो का पुसला नाही? आणि हातात नसेल, तर नामाचा महिमा कसा सांगता? दोन्ही गोष्टी एकाच गादीवरून खऱ्या कशा होतील?

शिवाय कर्माचा सिद्धांत मानला तरी अमुक माणसाचे अमुक कर्म मला दिसते, हे म्हणण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? ज्या गीतेवर तुम्ही हात ठेवता, तिच्या चौथ्या अध्यायात 'गहना कर्मणो गतिः' असे भगवंत स्वतः सांगतात. त्यांना जे गहन वाटले, ते तुम्हाला दीड तासाच्या कीर्तनात नावानिशी कसे कळते? पाचव्या अध्यायात तर ते म्हणतात की परमेश्वर कुणाचे पाप घेत नाही आणि पुण्यही घेत नाही. ही वचने पुण्यस्मरणाच्या मांडवात का येत नाहीत?

तुम्ही तुकोबांचा दाखला द्याल, मला ठाऊक आहे. 'बरें झालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली' हा अभंग दुःखाच्या घरी हमखास निघतो. दुःख आले ते बऱ्यासाठीच, देव परीक्षा घेतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. पण हा अभंग कुणी म्हटला आणि कुणाविषयी म्हटला? १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांचे दुकान बसले, पहिली बायको गेली, मुलगा गेला. त्यांनीच दुसऱ्या एका अभंगात लिहून ठेवले आहे: 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. ज्याची बायको अन्न अन्न करत मेली, तो स्वतःच्या आयुष्याकडे मागे वळून बघताना 'बरें झालें' म्हणू शकतो. हा त्याचा अधिकार आहे, फार मोठी किंमत मोजून मिळालेला. तोच शब्द शेजाऱ्याने त्याच्या दारात जाऊन म्हटला असता, तर तो क्रूरपणा ठरला असता. तुकोबांनी देहूतल्या दुसऱ्या कुठल्या विधुराला 'तुझी बायको मेली ते बरे झाले' असे सांगितल्याचे कुठेही नाही.

गाडगेबाबांचेही तेच. कीर्तन चालू असताना एकुलता एक मुलगा गेल्याची बातमी आली आणि ते म्हणाले, 'असे गेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी'. हे त्यांचे उद्गार सांगताना तुमचा कंठ दाटतो, आमचाही दाटतो. पण तो मुलगा त्यांचा होता. दुसऱ्याचे लेकरू गेल्यावर 'काय रडतेस एकासाठी' असे म्हणायला बाबांनी कधी सांगितले नाही. दुःखाचा अर्थ लावायचा असेल तर तो ज्याचे दुःख त्याने लावावा, आणि त्याला लावायचा नसेल तर कुणी लावू नये.

आता ज्या गोष्टीने मला हे पत्र लिहायला बसवले, ती सांगते. आपल्या परंपरेत एकाच घरात या प्रश्नाची दोन उत्तरे दिली गेली आहेत. चोखोबांचा अभंग आहे: 'चोखा म्हणे विटाळ । आम्हां पूर्वीचें हें फळ'. पूर्वी कृष्णनिंदा घडली म्हणून महाराचा जन्म आला, असे ते त्यात म्हणतात. समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जे कानात ओतले, ते त्या थोर भक्ताने स्वतःवर घेतले. आणि त्यांचाच मुलगा कर्ममेळा देवाला म्हणतो: 'आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥ जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता'. मुलाने पूर्वजन्माचे नावही काढले नाही. त्याने थेट पांडुरंगालाच विचारले की, ही जात तू दिलीस, तुला लाज कशी वाटत नाही?

महाराज, चोखोबांचा तो अभंग मी कीर्तनात अनेकदा ऐकला. कर्ममेळ्याचा हा अभंग निरूपणाला घेतलेला मी एकदाही ऐकला नाही.

चोखोबांच्या मृत्यूची कथा तुम्ही किती रंगवून सांगता! परंपरेप्रमाणे १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते इतर मजुरांसह गाडले गेले. नामदेवराय गेले, हाडे कानाला लावून पाहिली, ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आले ती चोखोबांची म्हणून पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी दिली. इथे टाळ्या पडतात, विठ्ठलनामाचा गजर होतो. पण ती भिंत कुणाच्या गावाची होती, तिच्या आत राहण्याची मुभा तिच्याखाली मेलेल्यांना होती का, हे कोण सांगते? मंदिराची पायरी ओलांडू न देणारे कोण होते? ते दार पूर्वजन्माने बंद केले नव्हते. माणसांनी बंद केले होते, आणि मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा माणसांनीच ते उघडले. 'तुज कां न कळे' हा प्रश्न विचारला गेल्यानंतर सहाशे वर्षांनी. इतकी वर्षे 'पूर्वीचे फळ' हे उत्तर ऐकवले जात राहिले, आणि त्या उत्तराने दार बंद ठेवायला हातभार लावला.

आमच्या जिल्ह्याची गोष्ट याहून जवळची आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून माणसे दमून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. लातूर-उस्मानाबादेत सुमारे १०,००० माणसे गेली. भूकंप होता, पण माणसे मेली ती घरांखाली. दगडमातीच्या जाडजूड भिंती, दोन दगडांना बांधून ठेवणारे काही नाही, वर मातीचे जड माळवद. हलक्या छपराच्या झोपड्यांत झोपलेले बरेच वाचले आणि दणकट समजल्या गेलेल्या वाड्यांतले गाडले गेले. भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, त्यामुळे घरे कशी बांधावीत हे कुणी सांगितलेही नव्हते. गणपतीला निरोप देऊन झोपलेल्या लेकरांनी कोणते पाप केले होते? एकाच रात्री पन्नासेक गावांतल्या सगळ्यांचे प्रारब्ध एकदम कसे फळाला आले?

याच प्रश्नावर या देशातली दोन मोठी माणसे एकदा समोरासमोर आली होती. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला. महात्मा गांधी म्हणाले की, ही अस्पृश्यतेच्या पापाची देवाने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांना गांधींविषयी नितांत आदर, अस्पृश्यतेची त्यांनाही तितकीच चीड. तरी त्यांनी जाहीर विरोध केला, आणि गांधींनी तो आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात छापला. टागोरांचे म्हणणे असे की, निसर्गाच्या उत्पाताला पापपुण्य जोडले तर हीच युक्ती तुमच्या विरोधकांच्या अधिक सोयीची आहे. ते उद्या म्हणतील, तुमच्या चळवळीमुळेच देव कोपला. मी गांधींना मानते, पण इथे टागोर बरोबर होते. अस्पृश्यतेचे पाप ज्यांनी केले, ते सोडून बिहारमधली गरीब माणसे मेली. शिक्षा भलत्यालाच देणाऱ्या न्यायाधीशाला आपण देव म्हणावे काय?

तुम्ही म्हणाल, मग बाई, तुमचे म्हणणे काय? दुःखाला जबाबदार कोण? मी माझ्या बुद्धीला पटलेले सांगते. आधी माणसाचा वाटा वेगळा काढावा. शेततळ्याला कुंपण नसणे हा माणसाचा वाटा. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या यात्रेत जवळपास ३०० भाविक चेंगरून आणि होरपळून गेले, तिथली अरुंद वाट, दुकानांची दाटी, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, हा माणसाचा वाटा. देवीचा कोप म्हटले की हे सगळे झाकले जाते, आणि पुढच्या यात्रेला पुन्हा तीच वाट. माणसाला मोकळीक दिली म्हणून तो वाईट वागतो, देव काय करणार, हे तुमचे म्हणणे इथवर मी मान्य करते.

पण माणसाचा वाटा वजा केल्यावरही बरेच उरते. भिंती चांगल्या असत्या तरी जमीन हादरलीच असती. दोन वर्षांच्या बाळाला रक्ताचा कर्करोग होतो, त्यात कुणाचे पाप, कुणाची मोकळीक? हे जे उरते, ते देवाच्या खात्यावर आहे. ते मी दुसऱ्या कुणाच्या खात्यावर टाकणार नाही. तो सर्वसमर्थ आहे असे आपण रोज हरिपाठ झाल्यावर म्हणतो, तर मग जबाब त्याने द्यायचा आहे. माझा त्याच्यावर विश्वास आहे म्हणूनच मी त्याला विचारते. नसता तर भांडले कुणाशी असते?

आणि असे विचारणे अभक्ती नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. वनपर्वात द्रौपदी विधात्यावर उघड ठपका ठेवते की, तो माणसांना बाहुल्यांसारखे नाचवतो. युधिष्ठिर तिला नास्तिकपणाचा दोष देतो, पण व्यासांनी तिचे बोलणे गाळले नाही. जनाईने तर विठ्ठलाला शिव्या दिल्या. तुकोबा एका अभंगात म्हणतात, 'माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल'. हा संताप गाथेत आहे, गाथा तुमच्या हातात आहे, आणि तरी मांडवातल्या आईला तुम्ही फक्त मान खाली घालायला शिकवता. संतांनी देवाला कटघऱ्यात उभे केले. तुम्ही त्याला तिथून सोडवून तिथे भक्तांना उभे करता.

याचे परिणामही पाहा. पंडिता रमाबाईंचे घर म्हणजे तुमच्यासारख्यांचेच घर. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासतापास, दानधर्म, जपजाप्य सगळे करून झाले, आणि आईवडील व बहीण गेली. त्या दिवसांत आपला देवांवरचा विश्वास कसा ढासळला, ते रमाबाईंनी स्वतः लिहिले आहे. खोटे कारण ऐकून माणूस गप्प बसतो, पण आतून निघून जातो. माझ्या शाळेतली कितीतरी हुशार मुले अशीच मांडवातून उठून गेली, आणि ती परत यावीत असे मला वाटते.

तुमच्याइतकी माणसे या राज्यात कुणासमोर बसत नाहीत. तहसीलदाराच्या सभेला पन्नास येतात, तुमच्या काल्याला अख्खी पंचक्रोशी येते. म्हणून मागते. दुःखाच्या घरी कीर्तन असेल तर गेलेल्या माणसाविषयी बोला, तो कसा होता ते सांगा, घरच्यांबरोबर रडा. कारण माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, त्याने गादीचा मान कमी होत नाही. आणि कारण डोळ्यांसमोर असेल तर ते नाव घेऊन सांगा: तळ्याला कुंपण घाला, चार कोपऱ्यांना गाठी मारलेला दोर आत सोडा, रिकामी हवाबंद घागर किंवा ट्यूब काठाला बांधून ठेवा. लेकरे तुमचे ऐकून वाचतील, सरकारी परिपत्रक वाचून वाचणार नाहीत.

येत्या श्रावणात आमच्या गावी सप्ताह आहे. सहाव्या दिवसाची कीर्तनसेवा अजून ठरलेली नाही. तुमच्यापैकी जे कुणी कर्ममेळ्याचा 'तुज कां न कळे श्रीपती' हा अभंग निरूपणाला घेतील, आणि त्यात ती जात पूर्वजन्मावर न टाकता दीड तास त्या प्रश्नाजवळ थांबतील, त्यांना ती सेवा द्यावी असे मी सप्ताह मंडळाला सांगितले आहे. मंडळाने होकार दिला आहे. त्या मुलाच्या आईलाही मी बरोबर आणणार आहे.

आपली,
लातूर जिल्ह्यातली एक माळकरी, निवृत्त शिक्षिका